पेशींवरची साखर आणि कॅन्सरचा प्रवास

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त आपल्या सभागृहात झालेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



सेक्रेटरी साहेबांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘साखर आणि कॅन्सर.’ ते जरा गप्प झाले आणि म्हणाले, ‘सर, त्या दिवशी जेवणात जिलेबी आहे हो.’ मी त्यांना शब्द दिला, की माझं बोलणं ऐकून कुणी जिलेबी सोडणार नाही. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ती मुळातच सोडलेली असावी, अशी आशा करतो.

आपला जिल्हा साखरेचा. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना आपल्याच जिल्ह्यात, प्रवरानगरला उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द आणि धनंजयराव गाडगिळांचं अर्थशास्त्र, या दोन्हींच्या बळावर. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी ऊस, गाळप आणि उतारा हे शब्द रोज कानावर पडत असतील. पण आज ज्या साखरेबद्दल मी बोलणार आहे ती पोत्यातली नाही. ती आपल्या प्रत्येक पेशीच्या अंगावर असते. कॅन्सर एका जागी थांबणार की शरीरभर पसरणार, हे ठरवण्यात तिचा मोठा वाटा असतो.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. मी आयुष्यभर कॉलेजात जीवरसायनशास्त्र शिकवलं. माझ्या थोरल्या वहिनींना स्तनाचा कॅन्सर झाला. गाठ त्यांना आठ महिने आधी लागली होती. घरात पुतण्याचं लग्न ठरलेलं, म्हणून त्या बोलल्या नाहीत. लग्न पार पडलं, मग डॉक्टरकडे गेल्या. तोपर्यंत काखेतल्या गाठींपर्यंत रोग पोचला होता. ऑपरेशन झालं, केमो सुरू झाली. तेवढ्यात कुणीतरी मोबाईलवर आलेला मजकूर त्यांना वाचून दाखवला : ‘साखर हेच कॅन्सरचं खाद्य, ते बंद केलं की कॅन्सर उपाशी मरतो.’ वहिनींनी साखर सोडली, गूळ सोडला, फळं सोडली, शेवटी भाकरीही अर्धीच घेऊ लागल्या. दोन महिन्यांत वजन एवढं उतरलं की केमोचा पुढचा डोस लांबवावा लागला. मी भेटायला गेलो तेव्हा त्या अभिमानाने म्हणाल्या, ‘भाऊजी, चहासुद्धा बिनसाखरेचा घेते आता.’ आणि मी, साखर शिकवणारा माणूस, ‘बरं केलंत’ म्हणून मोकळा झालो. पूर्ण चौकशी केली नाही. वहिनी गेल्या. त्या साखर सोडल्यामुळे गेल्या असं मी म्हणणार नाही, रोग पसरलेला होता. पण तेव्हा जे नीट समजावून सांगायला हवं होतं, ते आज तुम्हाला सांगतोय.

पेशीच्या अंगावर काय असतं?

पेशी म्हणजे पातळ पडद्याची पिशवी. पडद्यावर प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ असतात, आणि त्यांना साखरेच्या रेणूंच्या साखळ्या चिकटलेल्या असतात. भेंडीवर जशी बारीक लव असते, तशी प्रत्येक पेशीवर साखरेची लव असते म्हणा. काही साखळ्या सरळ, काहींना फांद्या फुटलेल्या. ग्लुकोज, गॅलॅक्टोज, मॅनोज, फ्युकोज, सियालिक आम्ल अशा नऊ-दहा प्रकारच्या साखरांपासून या साखळ्या तयार होतात. पेशीच्या आत गॉल्जी नावाचा भाग आहे, तो यांचा कारखाना. तिथले एन्झाइम ओळीने एकेक साखर जोडत जातात. कुठला एन्झाइम जास्त झाला, कुठला कमी पडला, की साखळीचा आकार बदलतो.

या साखळ्यांचा उपयोग ओळख पटवण्याचा. आपल्या सोसायटीत प्रत्येक दारावर पाटी आहे. पोस्टमन पाटी वाचतो, वॉचमन पाटी वाचतो. शरीरातही एक पेशी दुसरीला हात लावते तेव्हा आधी या साखरेला लावते.

याचं सगळ्यांच्या परिचयाचं उदाहरण म्हणजे रक्तगट. ए, बी आणि ओ यांत फरक कशाचा आहे? तांबड्या पेशीवरच्या साखळीच्या टोकाला बसलेल्या एका साखरेचा! टोकाला गॅलॅक्टोज जोडला तर बी. त्याच गॅलॅक्टोजचं थोडं वेगळं रूप जोडलं तर ए. दोन्ही जोडली तर एबी, आणि काहीच जोडलं नाही तर ओ. एवढ्याशा फरकाने चुकीचं रक्त दिलं तर माणूस दगावू शकतो. साखरेची पाटी शरीर किती बारकाईने वाचतं, ते यावरून लक्षात येईल.

या गोष्टीत मराठी माणसांचा मोठा हात आहे. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे, डॉ. सी. के. देशपांडे आणि डॉ. एच. एम. भाटिया यांच्यासमोर असे काही जण आले की त्यांचं रक्त ए, बी, ओ कुठल्याच गटाशी जुळेना. ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांच्या रक्तात गोठल्यासारखं गुठळ्या धरत होतं. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांच्या साहाय्याने त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये तो शोध जाहीर केला. तोच जगप्रसिद्ध ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आपल्या सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर साखळीला फ्युकोज नावाची एक साखर जोडलेली असते. त्याला एच म्हणतात. ए आणि बी त्या पायावर उभे राहतात. बॉम्बे गटाच्या माणसांत तो पायाच नसतो. मुंबईच्या परिसरात साधारण दहा हजारांत एक माणूस या गटाचा सापडतो. तब्येतीने तो ठणठणीत असतो, पण त्याला रक्त फक्त बॉम्बे गटाच्याच माणसाचं चालतं. आपल्यापैकी कुणाचा असा गट निघाला तर रक्तपेढीत नाव जरूर नोंदवा.

ही फ्युकोज साखर लक्षात ठेवा. ती पुढे परत येणार आहे.

बी आणि जमीन

आता कॅन्सरकडे वळू. कॅन्सरने दगावणाऱ्या बहुतेक माणसांचा जीव मूळ गाठीने जात नाही. रोग फुफ्फुसात, यकृतात, हाडांत, मेंदूत पसरतो, त्याने जातो. म्हणून ‘पसरला आहे का?’ हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो.

1889 साली स्टीफन पॅजेट नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी स्तनाच्या कॅन्सरने मेलेल्या शेकडो स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. रोग वाटेल तिथे पसरत नाही, ठराविक अवयवांतच जास्त जातो, असं त्यांना दिसलं. ते म्हणाले, हे बियाण्यासारखं आहे. बी सगळीकडे उडतं, पण उगवतं योग्य जमिनीतच. आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. पॅजेट यांना एक मात्र माहीत नव्हतं : बियाला जमीन ओळखू कशी येते? त्या उत्तराचा एक मोठा भाग साखरेत आहे.

प्रवास असा होतो. आधी कॅन्सरची पेशी शेजारच्या पेशींपासून सुटते. निरोगी पेशी एकमेकींना घट्ट धरून असतात. कॅन्सरच्या पेशीत साखळ्यांना फाजील फांद्या फोडणारा एक एन्झाइम बरेचदा वाढलेला असतो. त्यामुळे ही धरून ठेवणारी प्रथिनं सैल पडतात. ज्या उंदरांत हा एन्झाइम जन्मापासून बंद ठेवला होता त्यांच्यात गाठी हळू वाढल्या आणि कमी पसरल्या, असं कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी 2000 साली दाखवलं.

मग ती पेशी रक्तात शिरते. तिथे तिची अवस्था पुरात पडलेल्या माणसासारखी होते. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलंय की रक्तात सोडलेल्या हजार पेशींपैकी एखादीच पुढे गाठ धरते. ही एक कशी वाचते? तिला काठ धरता आला म्हणून.

हा काठ म्हणजे रक्तवाहिनीची आतली बाजू. तिच्यावर सिलेक्टिन नावाची प्रथिनं असतात. ती साखरेला पकडणारे हात आहेत. ती मुळात आपल्या भल्यासाठीच आहेत. पायात काटा मोडला, पू झाला, की तिथल्या रक्तवाहिनीवर हे हात बाहेर येतात. रक्तातून वेगाने जाणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या अंगावर फ्युकोज आणि सियालिक आम्ल असलेली एक विशिष्ट साखळी असते. सिलेक्टिन ती पकडतं. पांढरी पेशी वेग कमी करत भिंतीवरून लोळत जाते, थांबते, आणि बाहेर पडून जंतूंशी लढते. फार थोड्या मुलांना जन्मतः एक आजार असतो, त्यात फ्युकोज जोडण्याची सोयच बिघडलेली असते. त्या मुलांचा रक्तगट बॉम्बेसारखा दिसतो, आणि त्यांच्या पांढऱ्या पेशींना काठ धरता येत नाही, म्हणून त्यांना सारखा जंतुसंसर्ग होतो. एकच साखर, पण तिच्यावाचून दोन ठिकाणी अडतं!

आतडं, स्वादुपिंड, स्तन यांच्या कॅन्सरच्या पेशी हीच साखळी आपल्या अंगावर भरपूर चढवतात. म्हणजे पांढऱ्या पेशीचं ओळखपत्र चोरून वापरतात. सिलेक्टिन त्यांनाही पकडतं, आणि रक्तातल्या प्लेटलेट त्यांच्याभोवती चिकटून चिलखत तयार करतात.

खारघरचा प्रयोग

आपल्या जवळचं काम सांगतो. टाटा मेमोरियल सेंटरचं खारघरला ‘अ‍ॅक्ट्रेक’ नावाचं संशोधन केंद्र आहे. तिथे डॉ. राजीव कलरैया आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, याच्या उंदरातल्या पेशी घेतल्या. एक जात फुफ्फुसात फार पसरणारी, दुसरी कमी. पसरणाऱ्या जातीच्या अंगावर गॅलॅक्टोज असलेल्या एका विशिष्ट लांब साखळीचं प्रमाण जास्त होतं. मग त्यांनी दुसरी बाजू तपासली : ही साखळी पकडणारा कोण? गॅलेक्टिन-3 नावाचं प्रथिन. आणि ते फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला भरपूर होतं. पेशींवरच्या या साखळ्या नीट बनू दिल्या नाहीत, तर पेशी फुफ्फुसात कमी रुजल्या. 2005 आणि 2009 मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. पॅजेट यांच्या बियाला फुफ्फुसाची जमीन कशी ओळखू येते, याचं निदान एका कॅन्सरपुरतं उत्तर मुंबईच्या शेजारी, खारघरला मिळालं.

वॉचमनला फसवणं

तुम्ही विचाराल, आपली प्रतिकारशक्ती काय करते? ती पहारा देतेच. पण तिलाही पाटी वाचायची सवय. निरोगी पेशीच्या साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल असतं. पहारेकरी पेशींना ते लागलं की त्या ‘घरचाच माणूस’ म्हणून हात आखडतात. कॅन्सरच्या पेशी हे सियालिक आम्ल गरजेपेक्षा खूप जास्त चढवतात. आपल्याकडे कुणी कुरिअरवाल्याचा टी-शर्ट घालून आत आला तर वॉचमन फसेल, तसंच.

अमेरिकेतल्या कॅरोलिन बर्टोझी यांना 2022 चं रसायनशास्त्राचं नोबेल आणखी दोघांबरोबर मिळालं. जिवंत पेशीवरची साखर बघता यावी म्हणून त्यांनी नवी रसायनं शोधली. पुढे कॅन्सरच्या पेशीवर नेमकं जाऊन तिथलं सियालिक आम्ल कापून टाकणारा रेणूही त्यांच्या गटाने बनवला. म्हणजे चोराचा टी-शर्ट उतरवायचा आणि बाकीचं काम वॉचमनवर सोडायचं. दवाखान्यात मिळावं असं औषध त्यातून अजून यायचं आहे. पण साखरेला लक्ष्य करणारं एक औषध प्रत्यक्ष वापरात आलेलं आहे. न्यूरोब्लास्टोमा नावाचा लहान मुलांचा कॅन्सर असतो. त्याच्या पेशींवर जीडी-टू नावाचा साखर जोडलेला स्निग्ध पदार्थ भरपूर असतो. तो पकडणाऱ्या औषधाला अमेरिकेत 2015 मध्ये मान्यता मिळाली.

फणसाची आठळी आणि भुईमुगाची बुरशी

या साखळ्या ओळखायच्या कशा? त्यासाठी लेक्टिन नावाची प्रथिनं वापरतात, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात, शेतातच आहेत. राजमा किंवा घेवड्याचे दाणे कच्चे खाल्ले तर उलट्या होतात, त्याला कारण त्यातलं लेक्टिन. भिजवून, चांगलं उकळून घेतलं की त्याचा त्रास जातो. त्याच घेवड्याच्या कुळातल्या दाण्यांमधलं एक लेक्टिन प्रयोगशाळेत मघाशी सांगितलेल्या फाजील फांद्या ओळखायला वापरतात.

फणसाच्या आठळीत जॅकलिन असतं. कॅन्सरच्या बऱ्याच पेशींवर साखळ्या अपुऱ्या राहतात आणि एरवी झाकलेला भाग उघडा पडतो. जॅकलिन तो पकडतं. त्याची रचना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1996 साली उलगडली. भुईमुगाचं खोड जमिनीलगत कुजवणारी पांढरी बुरशी आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तिच्यातही असंच लेक्टिन आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात प्रा. शशिकला इनामदार आणि प्रा. बाले स्वामी यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. ते कॅन्सरच्या पेशींना नेमकं चिकटतं आणि काचपात्रात त्यांची वाढ रोखतं, असं दाखवलं. उद्या लगेच कुणी आठळ्यांची पावडर विकायला येईल, म्हणून सांगून ठेवतो : काचपात्रात दिसलेला परिणाम आणि माणसाला लागू पडणारं औषध, यांत फार मोठं अंतर असतं.

मग साखर खायची की नाही?

आता वहिनींच्या प्रश्नाकडे येतो. कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज जास्त ओढतात हे खरं आहे. पेट स्कॅन त्याच तत्त्वावर चालतो. पण आपण साखर बंद केली म्हणून त्या उपाशी राहत नाहीत. रक्तातली साखर शरीर ठराविक पातळीवर राखतंच. खाल्लं नाही तर यकृत ती तयार करतं, गरज पडली तर स्नायूंमधली प्रथिनं मोडून करतं. म्हणजे उपाशी राहतो तो रोगी. आणि पेशीच्या अंगावरच्या साखळ्या चहातल्या साखरेवर ठरत नाहीत. त्या पेशीतले एन्झाइम ठरवतात. लठ्ठपणा टाळा, मधुमेह आटोक्यात ठेवा, गोड बेताने खा, हे सगळं योग्यच. पण उपचार चालू असलेल्या माणसाचं खाणं डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नका. घरात कुणी करत असेल तर ‘बरं केलंत’ म्हणू नका. बसा, विचारा, ताटात काय आहे ते बघा.

दुसरी गोष्ट वेळेची. पेशीला सुटायला, रक्तात शिरायला, काठ धरायला, रुजायला वेळ लागतो. तो वेळ आपल्या हातात असतो. शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, टाटा मेमोरियल आणि बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलने 30 ते 59 वयाच्या सुमारे 1 लाख 31 हजार महिलांना घेऊन मोठा अभ्यास केला. त्याचे निष्कर्ष 2009 साली आले. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात त्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तिथल्या बायका आपल्यासारख्याच, शेतात खुरपायला जाणाऱ्या. आता पुण्यात तयार झालेली त्यावरची लसही मिळते. तंबाखू, मिश्री, गुटखा सोडणं, तोंडातला न भरणारा चट्टा दाखवणं, स्तनातली गाठ लागली की त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जाणं, यांना कुठल्याही नोबेलची गरज नाही. लग्न महिनाभर पुढे ढकलता येतं.

पंचवीस वर्षं आपण एकमेकांच्या दारावरच्या पाट्या वाचतोय. दाराआड कोण काय अंगावर काढतंय, तेही कधीमधी विचारूया, एवढंच सांगतो आणि थांबतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : या साखरेची रक्ततपासणी असते का?
उत्तर : असते. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सीए 19-9 ही तपासणी करतात, ती अशाच एका साखळीची आहे. पण काविळीतही ती वाढते, आणि काही माणसांच्या शरीरात ती साखळी जन्मतःच बनत नाही, त्यांच्यात रोग असूनही ती वाढत नाही. म्हणून निरोगी माणसाने लॅबच्या पॅकेजमध्ये दिसली म्हणून ती करून घेऊ नये. उपचाराला प्रतिसाद कसा आहे हे बघायला डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.

प्रश्न : संत्र्या-लिंबाच्या सालीतल्या पेक्टिनची महाग पावडर कॅन्सर पसरू देत नाही म्हणतात. घ्यावी का?
उत्तर : हा दावा गॅलेक्टिन-3 च्या संशोधनावरूनच आलाय. माणसांमध्ये तो सिद्ध झालेला नाही. ते पैसे दूध, अंडी आणि डाळीवर खर्च करा.

प्रश्न : सर, मग आज जिलेबी?
उत्तर : एक घ्या. दुसरी शेजाऱ्याला द्या.